कच्चा दगड

ऐंशीच्या दशकात मुंबईतल्या बँका शनिवारी अर्धा दिवसच असत. माझ्या टेबलाच्या सर्वांत खालच्या खणात, जुन्या व्हाउचरांच्या गठ्ठ्यामागे, हंटर शूजची एक जोडी ठेवलेली असे. रोकड जुळली, तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांच्या खिशांत गेल्या, की मी ते कॅनव्हासचे बूट सॅकमध्ये कोंबायचो आणि एसटी स्टँडकडे धावायचो. आई म्हणायची, ‘‘तू पडलास तर पडलास, पण सोमवारी बँक कशी उघडणार?’’ तिची काळजी अगदीच अनाठायी नव्हती. बहुतेक शनिवारी दोनांपैकी एक किल्ली माझ्याच खिशात असे.

आमचं मंडळ पंधरा-वीस जणांचं. कुणी गिरणीच्या कचेरीत टंकलेखक, कुणी रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर, कुणी कॉलेजात रसायनशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर. आमचे म्होरके ‘दादा’ हे एका कंपनीत ड्राफ्ट्समन होते. गुरुवारी संध्याकाळी दादरला एका शाळेच्या ओट्यावर जमायचं, वर्गणी काढायची, रविवारी कुठला कडा ते ठरवायचं. परदेशी सामान परवडण्याची बातच नव्हती. कातळाच्या फटीत ठोकायचे पिटॉन आमच्या फिटर मित्रानं ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून घडवलेले. दोर मात्र चांगला होता, नायलॉनचा, वर्षभराच्या वर्गणीतून घेतलेला. त्या दोराला चुकून पाय लागला तर आम्ही नमस्कार करत असू. नव्या पोरांना त्याचं हसू यायचं. पहिल्यांदा कड्यावर लटकून आल्यावर तीही निमूटपणे वाकायची.

आता प्रस्तरारोहण म्हटलं, की वाचकांच्या डोळ्यांसमोर गुळगुळीत, भक्कम ग्रॅनाइटचे परदेशातले कडे येत असतील. आमच्या सह्याद्रीचं तसं नाही. आपला दगड म्हणजे बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या, लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा दुसरा थर आला, मग तिसरा. असे थरांवर थर साचून आजही जवळजवळ पाच लाख चौरस किलोमीटर मुलूख त्या दगडानं झाकलेला आहे. भूगर्भशास्त्रात त्याला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. यातला ‘ट्रॅप’ म्हणजे सापळा नव्हे. तो पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे. लांबून पाहिलं तर आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात, म्हणून.

या पायऱ्यांतच सगळी गोम आहे. एक थर घट्ट, काळाकुळकुळीत, ताठ उभा राहणारा. त्याच्या खालचा थर बुडबुड्यांनी पोखरलेला. लाव्हा थिजताना त्यात अडकलेल्या वायूच्या पोकळ्या पुढे पांढऱ्या स्फटिकांनी भरल्या. असा दगड ऊन-पावसानं लवकर भुगतो, त्याचा मुरूम होतो. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी, गेरूसारख्या मातीचा पट्टा असतो. वरून कडा अभेद्य वाटतो, पण हात घालावा तर मूठभर दगड हातातच येतो. आमच्या भाषेत याला ‘कच्चा दगड’. गोऱ्या गिर्यारोहकांच्या पुस्तकांत शिकवलेले निम्मे डावपेच इथे चालत नाहीत, कारण तिथे दगड जागेवर राहील हे गृहीत धरलेलं असतं.

तरीही लोक या कड्यांवर चढत आले. हिरकणीची आणि यशवंती घोरपडीची गोष्ट इतिहासाच्या कसोटीला किती उतरते ते इतिहासकार जाणोत, पण त्या गोष्टी याच मातीत का रुजल्या हे कडा पाहिल्यावर कळतं. आमच्या पिढीला दोर हातात घ्यायला लावलं ते मात्र इंग्रजांनी. १८१८ साली मराठी राज्य बुडालं, तेव्हा कॅप्टन ब्रिग्जनं नाशिककडच्या किल्ल्यांच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. पुन्हा कुणी वर जाऊन बसू नये, हा हेतू. अलंग, मदन, कुलंग पाहायला निघालेल्या मराठी तरुणाला अर्ध्या वाटेत तुटलेला जिना भेटे आणि पुढे जायचं तर कडा चढणं भाग पडे. किल्ले पाहायला गेलेली मुलं अशी कातळ चढायला शिकली. मग किल्ला नसला तरी सुळके खुणावू लागले. खंडाळ्याची नागफणी, रायगडासमोरचा लिंगाणा, तैलबैलाच्या भिंती आणि या सगळ्यांचा बाप म्हणजे हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा.

दादांची शिकवण एका वाक्याची होती, ‘‘दगडाला आधी विचार, मग हात दे.’’ विचारायचं म्हणजे ठोकायचं. मुठीच्या मागच्या बाजूनं, नाहीतर हातोडीनं. बाजारात माठ घेताना बायका बोटाच्या पेरानं वाजवून पाहतात ना, तसंच. टणक आवाज आला तर दगड डोंगराचा आहे. बद्द आवाज आला तर तो डोंगराला नुसता टेकून उभा आहे. वर पहिला चढणाऱ्याच्या हातून काही निसटलं तर गळ्याच्या शिरा ताणून ‘दगड!’ म्हणून ओरडायचं आणि खालच्यांनी वर न बघता भिंतीला चिकटायचं. वर बघण्याचा मोह फार असतो. तो आवरला तर डोळे, नाक, दात शाबूत राहतात.

मंडळाची एक जाडजूड वही होती, हिशेबाच्या लाल कापडी वहीसारखी. प्रत्येक चढाईनंतर तिच्यात नोंद व्हायची. तारीख, वाट, कोण पुढे चढलं, पाणी कुठे, पिटॉन कुठे ठोकले आणि शेवटचा रकाना ‘दगड’. पक्का, बरा, कच्चा, सोडून द्यावा. १९९२ नंतर बँकांत कर्जखात्यांची वर्गवारी सुरू झाली, प्रमाणित, दुय्यम, संशयित, बुडीत. प्रशिक्षणाला आलेले अधिकारी ते नवलानं टिपून घेत होते. मला गंमत वाटली. आमच्या वहीत ते कधीचं होतं.

या वहीतल्या एका नोंदीबद्दल मला आज लिहायचं आहे.

पनवेलच्या पुढे, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर चौक लागतं. तिथून उत्तरेला पाहिलं, की माथेरान आणि प्रबळगडाच्या शेजारी एक सुळका उभा दिसतो. त्याच्या अंगात सुईच्या नेढ्यासारखं आरपार भोक. हा इर्शाळगड. पायथ्याच्या नानिवलीहून दीड-दोन तास चढलं, की सुळक्याच्या खाली डोंगराच्या खांद्यावर ठाकरांची वस्ती होती, इर्शाळवाडी. रस्ता नाही. मीठ, तेल, रॉकेल सगळं डोक्यावरून वर न्यायचं. आम्ही शनिवारी रात्री तिथे पोचायचो. एका घराच्या ओट्यावर पथाऱ्या टाकायचो. त्या घरच्या कर्त्याला आम्ही ‘मामा’ म्हणत असू. मामी चुलीवर कोरा चहा करायची. मामा आमचे पिटॉन हातात घेऊन वजन करून बघायचा आणि म्हणायचा, ‘‘एवढा लोखंड घेऊन वर जाता, मंग वर काय ठेवलंय?’’ या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर आमच्यातल्या कुणालाच देता आलं नाही.

१९८६ चा जानेवारी. सुळक्याच्या एका बाजूनं नवी वाट करायची आमची खटपट चालली होती. पुढे मी होतो. खाली माझा दोर धरून माझा सर्वांत जवळचा मित्र बसला होता, गिरणीतला टंकलेखक. सकाळपासून शंभर दगड ठोकून मी वर सरकलो होतो. उन्हं चढली होती, पिंढऱ्या शिवणयंत्रासारख्या थडथडत होत्या. डोक्याच्या वर हातभर अंतरावर लहान पेटीएवढा काळा, घट्ट दिसणारा दगड होता. तो इतका भक्कम दिसत होता, की मी तो ठोकला नाही. सरळ हात घातला.

तो आला. माझा एक पाय आणि एक हात जागेवर होता म्हणून मी राहिलो. ‘दगड!’ मी ओरडलो, पण उशिरा. खाली मित्राच्या उजव्या खांद्यावर तो बसला. खांदा मोडल्याचा आवाज मी वर ऐकला, असं मला अजून वाटतं. पण त्यानं दोर सोडला नाही. उजवा हात लोंबकळत असताना, कमरेभोवती घेतलेला दोर डाव्या हातात पिळून धरून तो तसाच बसून राहिला, मी शेवटच्या पिटॉनपर्यंत उतरून स्वतःला अडकवीपर्यंत.

वाडीतली माणसं आमची हाक ऐकून आली. मामा पुढे. त्यांनी घोंगडीची झोळी केली, ती बांबूला बांधली आणि घसाऱ्यावरून, निवडुंगातून, पाळीपाळीनं खांदा देत त्याला खाली आणलं. आम्ही बूट घालूनही घसरत होतो. ते अनवाणी होते. रस्त्यावर भाजीचा टेम्पो थांबवेपर्यंत अंधार पडला होता. आम्ही खिसे झाडून साठ रुपये जमवले आणि मामाच्या हातात ठेवले. त्यानं ते परत केले.

‘‘आमचा मानूस पावसाळ्यात आजारी पडला तं असाच खाली नेतो. त्याचं कुनी पैसं देतं का?’’

मंडळाच्या वहीत नोंद मीच केली. ‘चढाई अपूर्ण. दगड निसटून एक जखमी. वाट कच्ची, सोडून द्यावी.’ अक्षर सुरेख आहे, बँकेतलं. मजकूर खोटा नाही. मात्र दगड मी ठोकला नव्हता, हे त्यात नाही. दादांनी विचारलं, तेव्हा ‘‘वाजवला होता, टणक वाटला,’’ असं मी म्हणालो. पुढची सदतीस वर्षं मी हेच म्हणत राहिलो.

मित्राचा हात पुन्हा कधी खांद्याच्या वर गेला नाही. त्यानं चढणं सोडलं, पण डोंगर सोडला नाही. तो पायथ्याशी स्टो सांभाळायचा, खिचडी लावायचा, दोरांच्या वळ्या करायचा. त्याच्याशी बोलताना मी नेहमी थोडा जास्त आनंदी असायचो, हे माझ्या बायकोनं पहिल्यांदा ओळखलं.

पुढे माझी बढती झाली, विदर्भात बदली झाली. मी कादंबऱ्या लिहू लागलो. मंडळ विरळ झालं. गिरण्या गेल्या तसे त्यातले काही गावाला गेले. पण कड्यांवरची वर्दळ वाढत गेली. नवी मुलं आमच्यापेक्षा कितीतरी शहाणी आहेत. ती कृत्रिम भिंतीवर सराव करून येतात. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट असतं. आमच्या वेळी त्याला भित्रेपणा समजत. आमचे ट्रकच्या पाट्याचे गंजलेले पिटॉन हीच पोरं स्वतःच्या खर्चानं काढून त्या जागी पक्के बोल्ट बसवतात. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, हा खेळ पदकांच्या यादीतही आला. तरी सह्याद्रीचा दगड कुणाला पक्केपणी वश झालेला नाही. ज्यांनी उभी हयात या कड्यांत घालवली, ते ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत जानेवारी २०२० मध्ये कोकणकड्यावरच गेले. त्या रात्री आमच्या जुन्या मंडळातल्या प्रत्येकानं प्रत्येकाला फोन केला. बोलण्यासारखं कुणापाशी काही नव्हतं.

१९ जुलै २०२३. तीन दिवस पाऊस कोसळत होता. त्या भागात जवळजवळ पाचशे मिलिमीटर पडल्याचं नंतर सांगण्यात आलं. रात्री माणसं झोपायच्या बेतात असताना वाडीच्या वरचा उतार सुटला आणि घरांवर आला.

सकाळी दूरदर्शनच्या पडद्यावर मी तो सुळका ओळखला. त्याच्या खालच्या हिरव्या उतारावर एक तांबडा ओरखडा होता. रस्ता नसल्यानं यंत्रं वर नेता येत नव्हती, ढगांमुळे हेलिकॉप्टरं उतरत नव्हती. कुदळ-फावडी घेऊन माणसंच पायी वर जात होती. त्यांत आसपासच्या गिर्यारोहक संस्थांची मुलं होती, वाट पायाखालची असलेली. वर जाताना अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचं हृदय बंद पडलं. चार दिवसांनी शोध थांबला. २२८ वस्तीपैकी २७ जणांचे मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले.

सुळक्याचा दगड पडला नव्हता, हे स्पष्ट सांगायला हवं. सुटली ती खालच्या उताराची भुगलेली माती, मुरूम आणि दगडगोटे. पण कारण त्याच घडणीत आहे. वरच्या घट्ट थरातल्या भेगांतून पाणी मुरतं, खालच्या मातकट थराशी अडतं आणि आडवं फुटून झऱ्यासारखं बाहेर येतं. मऊ थर झिजून तिथे सपाटी झालेली असते, माती असते. पाणी, माती आणि सपाटी जिथे, तिथे माणूस घर बांधतो. सह्याद्रीतल्या कितीतरी वाड्या अशाच पायऱ्यांवर वसल्या आहेत. जे पाणी वाडीला तिथे घेऊन येतं, तेच एखाद्या पावसाळ्यात मातीत मावेनासं होतं. माळीणला ३० जुलै २०१४ रोजी डोंगर खाली आला आणि दीडशेवर माणसं गेली, तेव्हाही हेच बोललं गेलं होतं.

इर्शाळवाडी धोकादायक गावांच्या यादीत नव्हती, असं सरकारनं सांगितलं. मी माळ्यावरून आमची लाल वही काढली. ती माझ्याकडेच होती, दादा गेल्यावर आलेली. इर्शाळची नोंद उघडली. ‘पाणी: वाडीत, बारमाही. दगड: कच्चा.’ एकाखाली एक. चाळीस वर्षं आम्ही त्या डोंगराचा दगड न् दगड वाजवून पाहत होतो, कारण आमचा जीव त्याच्यावर एक-दोन तास टांगलेला असे. ज्यांचा जन्म त्याच्याखाली जाणार होता, त्यांच्याशी आम्ही चहा पिताना याविषयी अवाक्षर बोललो नाही. आमच्या बोलण्यानं वाडी हलली असती, असा माझा भ्रम नाही. त्यांना त्यांचा डोंगर आमच्याहून ठाऊक होता. पण आम्हाला सुचलंसुद्धा नाही.

त्या संध्याकाळी मित्राचा फोन आला. तो आता डोंबिवलीला असतो.

‘‘मामाचं घर कुठल्या बाजूला होतं रे?’’

‘‘आंब्याच्या अलीकडे. तिसरं.’’

‘‘पेपरात नावं येतील. आडनाव काय त्याचं?’’

मी गप्प झालो. तोही. उभ्या नोकरीत मी पूर्ण नावाशिवाय एका कागदावर सही केली नव्हती. इर्शाळच्या त्या वाटेवरची प्रत्येक खोबण मला अजून पाठ आहे. आणि ज्या माणसानं माझ्या मित्राला खांद्यावरून उतरवलं, त्याचं आडनाव आम्ही कधी विचारलं नव्हतं. तो ‘मामा’ होता, एवढं आम्हाला पुरलं होतं.

मग माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘तो दगड मी ठोकला नव्हता.’’

‘‘ठाऊक आहे,’’ तो म्हणाला. ‘‘मी खाली होतो ना. प्रत्येक दगडाचा आवाज ऐकू येत होता. त्याचा आला नाही.’’

‘‘मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?’’

‘‘वाट बघत होतो, तू कधी बोलतोस त्याची. आता बोललास.’’ थोड्या वेळानं म्हणाला, ‘‘खांदा दुखतो पावसाळ्यात. बाकी काही नाही.’’

२०२४ च्या जानेवारीत आम्ही दोघं चौकला गेलो. वाचलेल्या माणसांची सोय तिथे कंटेनरच्या घरांत केलेली होती. पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा आणि मागे, उन्हात, तो सुळका. तिथून तो चांगला दिसतो, इतका चांगला दिसायला नको होता. एका तरुणाला आम्ही मामाचं वर्णन सांगितलं. त्यानं ओळखलं. त्याच्या नात्यातलेच. मामा बरीच वर्षं आधी, म्हातारपणानं, आपल्या घरात गेला होता. त्या घरातलं कोण राहिलं आणि कोण नाही, तेही त्यानं सांगितलं. ते इथे लिहायचा अधिकार मला नाही. मित्रानं खिशातून पाकीट काढलं, आत टाकलं, पुन्हा काढलं. शेवटी तसंच ठेवलं. त्या पोरानं आम्हाला चहा दिला. कोराच.

निघताना मी आडनाव विचारलं आणि वहीत लिहून घेतलं.

हल्ली आमच्या जुन्या मंडळातले सात-आठ जण उरले आहेत. चढणं कुणाला झेपत नाही, पण पायथ्यापर्यंत जातो. नव्या मुलांशी आमचं चांगलं जमतं. ती ज्या डोंगरावर जातात, तिथल्या वाड्यांतली माणसं त्यांना काका-मामा म्हणून ओळखतात, जशी आम्हाला ओळखत. त्या मुलांना मी एवढंच सांगतो. वर जाताना डोळे उघडे ठेवा. उतारावर नवी भेग दिसते का? झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालंय का? झाडं, खांब कलले आहेत का? घराच्या जोत्याला तडा गेलाय का? दिसलं तर वाडीत सांगा, ग्रामपंचायतीला, तहसील कचेरीला लेखी कळवा आणि पोच घ्या. पोच घ्यायला विसरू नका, हे मी बँकवाला म्हणून सांगतो. आपण दर रविवारी दगड वाजवणारी माणसं. आपल्याला जे ऐकू येतं, ते आपल्या दोरापुरतं ठेवू नये.

त्यांनी नवी वही घातली आहे. रकाने जुनेच आहेत: तारीख, वाट, पाणी, दगड. एक मात्र वाढवला आहे. ‘खाली कोण राहतं.’ पूर्ण नावानिशी लिहायचं, अशी माझी अट आहे.